राखून ठेवलेलं कडवं

नंदाबाईला गाणं म्हणायला न्यायचं म्हणजे तीनदा विचारावं लागे. कोहमाऱ्याहून आत, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात ही गोष्ट प्रत्येक बाईला ठाऊक होती. लग्नघरची बाई करंडा घेऊन यायची, कुंकू लावायची, हातावर सुपारी ठेवायची आणि म्हणायची, "चला बाई, हळदीले." नंदाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "माह्या गळा बसला वो. दुसरीले न्या." ती बाई पुन्हा विचारायची. नंदाबाई म्हणायची, "मले कुठं येते एवढं?" तिसऱ्यांदा विचारलं की पदर खोचून निघायची, ती थेट मांडवात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसायची. पहिल्याच बोलावण्याला उठते ती गाणारी नव्हे, भुकेली, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं.

गाणं सासूकडूनच आलं होतं. देवरीकडच्या माहेराहून नंदाबाई नांदायला आली तेव्हा तिला दोन ओव्याही धड येत नव्हत्या. भाताच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत शेतातल्या बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून सासू गाणं उचलायची आणि रांगेतल्या बाया मागून झेलायच्या. त्या झेलणाऱ्यांत नंदाबाईचा आवाज सगळ्यांत खणखणीत. चार-पाच पावसाळे असे गेले आणि एका लग्नात सासूला खोकल्याची उबळ आली. नंदाबाईने पुढची ओळ उचलली, ती मग खाली ठेवलीच नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं तिच्याशिवाय गावात कोणाला हळद लागली नाही. नवरा दुधराम म्हणायचा, "गावाले गाऊन दाखवते अन् घरी बोलली त वाटते भांडून राहिली." खोटं नव्हतं ते. नंदाबाईच्या जिभेला धार होती आणि तिला स्वतःलाही तिचा थोडा अभिमानच होता.

तिच्या सुखात एकच खडा होता, आणि तो बोळीच्या पलीकडच्या घरात राहत होता. धाकटी जाऊ रीता. दीर केवलरामशी लग्न होऊन ती १९९९ साली या घरात आली. दहावी पास, गोरीपान, हसरी. कशाचाही बाऊ न करणारी. नंदाबाईने वर्षानुवर्षं राबून मिळवलेलं जे काही होतं, ते हिला येता-जाता मिळायचं. सासू आजारी पडली, सगळं नंदाबाईने केलं, आणि सासू म्हणाली काय, तर रीताच्या हातचा चहा गोड लागते. रीता नंदाबाईच्या मागे बसून गाणं झेलायला शिकली. आवाज बारीक, पण सुरात. एखादी म्हातारी मान डोलावून "धाकलीचाही गळा बरा आहे" म्हणाली की नंदाबाई लगेच तिच्याकडे वळायची. ती तोंडाने म्हणायची, "हो ना, मीच शिकवलं तिले." खरं होतं तेही, पण म्हणताना दात आवळलेले असायचे.

२०१३च्या दिवाळीआधी शाळेतल्या मुन्नालाल सरांनी नववीच्या पोरांना एक प्रोजेक्ट दिला. गावातलं जुनं गाणं शोधायचं, ते कोण म्हणतं, कधी म्हणतं याची माहिती काढायची आणि टीव्हीवर असतं तसं त्याचं व्हिडिओ गाणं बनवायचं. सोनिका आणि गुड्डू या दोघांवर हळदीच्या गाण्याची जबाबदारी आली. गुड्डूच्या मामाजवळ चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल होता, आणि सोनिकाला कोणाचीही भीड नव्हती. दोघं गावभर म्हाताऱ्यांना विचारत फिरले. हळदीचं गाणं कोणाचं? सगळीकडे एकच उत्तर. नंदाबाईचं.

दोघं ओसरीत येऊन उभी राहिली तेव्हा नंदाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. सोनिकाने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी विचारलं, "मोठीमाय, तुमी म्हनता काय गानं आमच्या विडिओत?"

नंदाबाईने पदर सारखा केला. टीव्हीवर येतं तसं! आपण! आणि मग जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली. "माह्या गळा बसला वो माय. दुसरीले विचारा."

"बरं," सोनिका म्हणाली, आणि दोघं गेली.

नंदाबाई सूप हातात धरून बसून राहिली. येतील. अजून दोनदा विचारायचं आहे. तिने चुलीवर चहा ठेवला, तिघांचा. चहा उकळला, काळा झाला. तेवढ्यात बोळीपलीकडून हसण्याचा आवाज आला. सोनिका, गुड्डू आणि त्यांच्या मधोमध रीता. दारात उभ्या उभ्या ती गाण्याची पहिली ओळ म्हणून दाखवत होती आणि गुड्डू मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरून होता. हाजीर तो वजीर म्हणतात, ते काही उगीच नाही.

"तूच त म्हनली, दुसरीले विचारा," दुधराम तो काळा चहा पीत म्हणाला.

"तसं म्हनलं म्हनून कोनी खरंच जाते काय?"

"लेकरं आहेत. त्याइले काय मालूम तुह्ये नखरे."

त्या दिवशी नंदाबाई जेवली नाही. भूक नाही म्हणाली, पण पोट भरलं होतं ते जळफळाटाने. मुलांवर राग नव्हता. राग होता तो रीतावर, की तिने एकदा तरी, खोटं खोटं तरी, "मोठ्या बाईले विचारा" का म्हणू नये?

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदाबाई तांदूळ पाखडत असताना रीता स्वतःच आली. ओसरीच्या कडेला बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि तो लपवायचंही तिला सुचलं नव्हतं. "बाई, पोट्टे आले अन् मी हो म्हनून बसली. तुमीच म्हना ना पुढं. मी मागून झेलतो."

"तुले बोलावलं, तू म्हन."

"बरं. मंग एक सांगा." रीताने बोटावर कडवी मोजली. आई हळद घेऊन आली, काकी आली, आत्या आली, मामी आली. "ह्याच्या पुढं वैनीचं कडवं आहे ना? सासूबाई एकदा म्हनत होत्या. आमच्या लग्नात ह्यायच्या हळदीले म्हनलं होतं म्हने. मी त तवा माहेरी होती, आयकलं नाही."

नंदाबाईचा हात सुपात थांबला. ते कडवं सासूने त्याच हळदीत, केवलरामच्या, जागच्या जागी रचलं होतं. नवरदेवाला हळद लावायला वहिनी उभी राहिली, आणि ती वहिनी होती नंदाबाई. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची नावं गाण्यात घातली. तिचं नाव कोणीतरी गाण्यात घातलं ते तेवढंच. *हळद घेऊन आली वो, नंदा वैनी आली, दिराले लावता लावता आपनच रंगली.* सगळा मांडव हसला होता. सासूही हसली होती. पुढे दुसऱ्यांच्या मांडवात नंदाबाईने ते कडवं कधी म्हटलं नाही. आपल्या घरचं, म्हणून राखून ठेवलं. तिच्या थोरल्या पोराच्या, मनिरामच्या हळदीत वहिनी नव्हतीच. एकदाच ऐकलेलं ते बाकीचे विसरले, आणि ज्या दोन-चार म्हाताऱ्यांना आठवत होतं, त्या सासूच्या मागोमाग गेल्या.

आणि आता हेही हिला पाहिजे!

"नाही वो," नंदाबाई म्हणाली. आवाज अगदी सरळ निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "सासूबाई भ्रमल्या होत्या शेवटी. गानं मामीवरच संपते."

"तरीच," रीता म्हणाली, आणि आनंदाने उठून गेली.

व्हिडिओ रीताच्या अंगणात झाला. आधी शाळेच्या खोलीत खिडक्या लावून गाणं मोबाईलमध्ये भरलं, कारण बाहेर ट्रॅक्टर आणि कुत्री ऐकत नव्हती. मग अंगणात पाट मांडला आणि गुड्डूला नवरदेव करून त्याच्या तोंडाला हळद फासली. तो लाजून लाजून खाली बघायचा आणि मुन्नालाल सर ओरडायचे, "अरे, लगन होऊन राहिलं तुझं, तेरवी नाही!" बाया हसून लोळायच्या. नंदाबाई मागच्या रांगेत झेलणाऱ्यांत बसली होती. यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण न जाता राहावं कसं? तिने ओठ हलवले, आवाज काढला नाही. सोनिका पुढून म्हणाली, "मोठीमाय, जरा हसा ना." नंदाबाईने असं काही पाहिलं, की सोनिकाने मोबाईल दुसरीकडे वळवला.

गॅदरिंगला पांढऱ्या चादरीवर तो दाखवला. रीताचा चेहरा चादरभर. नंदाबाईचा एक खांदा आणि बांगड्यांचा हात, तोही दोनदाच. शेवटी अक्षरं आली, गायिका सौ. रीता, आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. रीताने पदर तोंडाला लावला. दुधराम टाळ्या वाजवत होता. नंदाबाईने त्याच्या हाताकडे एकदा बघितलं, तसा तो थांबला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. कोहमाऱ्याच्या चौकात मेमरी कार्डात गाणी भरून देणारं दुकान होतं. गुड्डूच्या मामाने व्हिडिओ तिथे दिला. उन्हाळ्यापर्यंत तो रोवणाऱ्या बायांच्या, ट्रकवाल्यांच्या, नागझिऱ्याच्या गाईड पोरांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला. लग्नाची सुपारी आता बोळीच्या पलीकडे जायची. रीता एकदा विचारलं की जायची. नंदाबाईच्या दारातही सुपारी यायची, पण आता एकदा "गळा बसला" म्हटलं की बाई म्हणायची, "असू द्या मंग, आराम करा."

या सगळ्यात तिला एकच आधार होता. रात्रंदिवस ती त्यावर हात ठेवून होती. गाणं अर्धं आहे. सगळं गाव अर्धं गाणं म्हणून राहिलं, आणि ते कोणालाच ठाऊक नाही. धाकट्या पोराचं, नंदलालचं, लग्न होईल. त्याच्या हळदीला वहिनी असेल, मनिरामची बायको रविता. तेव्हा सगळ्यांसमोर, रीताचं गाणं संपलं की, नंदाबाई ते कडवं उचलेल. मग कळेल व्हिडिओवालीला गाणं किती येतं ते.

नंदलालचं लग्न २०१५च्या वैशाखात ठरलं. नंदाबाईने रविताला आधीच सांगून ठेवलं, "तुह्यं नाव गान्यात येईन, तवा हळद लावजो. तवाच. तोवर वाटी घेऊन उभी राहजो." रविता खूश झाली. नवी साडी नेसली. मैत्रिणींना सांगत सुटली, माह्यं नाव येनार आहे म्हणून.

मांडवाखाली रीता पुढे, तिच्यामागे शाळेच्या पोरी, त्यांत सोनिका, आता दहावीची परीक्षा दिलेली. त्यांनी गाणं उचललं. ओळ न् ओळ व्हिडिओतली, तशीच, जिथे रीताने तेव्हा श्वास घेतला तिथेच सगळ्याजणी श्वास घेत होत्या. आई आली म्हटलं तशी नंदाबाई उठली, पोराच्या गालाला हळद लावली, बाजूला बसली. काकी आली. आत्या आली. मामी आली. मामीवर पोरींनी शेवटची ओळ दोनदा घोळवली आणि टाळ्या वाजवून गाणं संपवलं. डीजेवाल्याने तार जोडायला घेतली.

रविता वाटी घेऊन उभीच होती.

आता. नंदाबाईने घसा मोकळा केला आणि उचललं, "हळद घेऊन आली वो, रविता वैनी आली..." आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण मांडवाच्या टोकापर्यंत गेला. ती थांबली. झेलणाऱ्यांनी झेलायला हवं होतं. कोणी झेललं नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"मोठीमाय," सोनिका मायेने म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं, "संपलं ना गानं. मामीवर संपते. पाहा विडिओत." आणि मांडवातली एक बाई म्हणाली, "पोराच्या लग्नात खुशीनं भुलली बिचारी."

"भुलली नाही मी! आहे हे कडवं, सासूबाईचं..." नंदाबाई बोलता बोलता थांबली, कारण रीता तिच्याकडे पाहत होती. रीताच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बोटं मोजत होती. मग तिने बोटं मिटली.

"बाई," रीता हळूच म्हणाली, पण मांडवभर ऐकू गेलं, "मी विचारलं होतं तुमाले. वैनीचं कडवं आहे काय म्हनून. तुमी म्हनल्या होत्या, मामीवरच संपते."

सगळ्या बाया नंदाबाईकडे पाहू लागल्या. तिला दोनच गोष्टी म्हणता येत होत्या. कडवं आहे म्हटलं तर ती खोटं बोलली होती, दीड वर्षापूर्वी, स्वतःच्या जावेशी, एका शाळेच्या व्हिडिओसाठी. नाही म्हटलं तर कडवं गेलं. समोर रविता वाटी धरून उभी होती, आपल्या नावाची वाट पाहत. रीताही वाटच पाहत होती. नंदाबाईने एकदा हो म्हटलं असतं तर ती लगेच झेलायला तयार होती, हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं. नंदाबाईला ते दिसलं, आणि तेच सहन झालं नाही.

"हो," नंदाबाई म्हणाली. "भुलली मी. मामीवरच संपते."

डीजे सुरू झाला. रविताने सासूकडे एकदा पाहिलं, मग वाकून दिराच्या गालाला दोन बोटं हळद लावली आणि वाटी पाटाजवळ ठेवून आत निघून गेली.