अर्ध्या तासात अमरावती

दोन गावांमधील अंतर दोन प्रकारांनी मोजता येते: नकाशावर पट्टी ठेवून, किंवा प्रत्यक्ष जाऊन. पहिला प्रकार अधिक अचूक, दुसरा अधिक उपयोगी. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळी माझ्या मामांनी ताईच्या लग्नासाठी पहिला प्रकार निवडला.

मामा अकोल्याला वकिली करीत. आई गेल्यावर ताईला त्यांनीच वाढवले. त्यामुळे अंतरपाटाच्या वेळी मामा पाठीशी उभे नसतील तर पाटावर पाय ठेवणार नाही, असे तिने बजावले होते. लग्न वराच्या गावी, अमरावतीला, सकाळच्या मुहूर्तावर. आम्ही आदल्या दिवशीच बडनेऱ्याला गाडी बदलून पोहोचलो. मामा मात्र विमानाने येणार होते. एक फिरता वैमानिक अकोल्याबाहेरच्या मैदानावरून हौशी लोकांना आकाशात हिंडवून आणीत असे. त्याला त्यांनी पटवले होते.

"सरळ रेषेत पन्नास मैल, विमान ताशी शंभर. अर्धा तास!"

भागाकार निर्दोष होता. दोष होता तो प्रसिद्धीत. अमरावतीत अक्षत देत हिंडताना मामांनी प्रत्येक घरी लग्नाची तिथी एकदा आणि विमान उतरण्याची जागा दोनदा सांगितली होती. परिणामी त्या सकाळी गावाबाहेरचे ते मोकळे रान माणसांनी भरले. खेड्यांवरून बैलगाड्या आल्या, बैल सोडले गेले, काहींनी चुली मांडल्या. आमचे वाजंत्रीसुद्धा तिकडेच गेले.

विमान ठरल्या वेळी आले. वराचा धाकटा भाऊ सायकलवरून बातमी घेऊन आला: विमान खाली आले की बैल पळतात, माणसे मात्र जवळ धावतात, उतरायला जागाच नाही. एवढ्यात विमान आमच्या मांडवावर येऊन घिरट्या घालू लागले.

परातीतले घटिकापात्र बुडत आले होते. भटजी कळवळले, "बाई, पाटावर उभी राय. मुहूर्त चालला."

"मामा आल्याबिगर नाई."

"आला ना! तो काय वरतं."

"उतरला नाई तं आला कसा म्हनता?"

"वकील हाय," वराचे काका खेकसले, "तारीख घेऊन उतरन!"

ताई मांडवाबाहेर आली. वरून एक हात जिवाच्या आकांताने उपरणे हलवीत होता. ते पाहून ती मांडवात परतली. मग तिने विचारले, "भटजी, मामा मांगं पायजे. वरतं असला तं चालते का?"

भटजींनी पात्राकडे पाहिले. "शास्त्रात उंचीचं काई सांगेल नाई."

ती पाटावर उभी राहिली. यंत्राच्या घरघरीत मंगलाष्टकांचा एकही शब्द ऐकू आला नाही. अक्षता अंदाजाने पडल्या. विमान अकोल्याला परतले आणि मामा तेथून रेल्वेने, बडनेऱ्याला गाडी बदलून, पाठवणीच्या वेळी हजर झाले.

"उतरता येत नोतं तं चढले काहून?" ताई कडाडली.

"पन वेळेवर आल्तो ना?"

"मंग आता पाठराखीन म्हनून तुमीच चला."

नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण बाईच असते, हे वराकडच्या बायकांनी हसत हसत समजावून पाहिले. ताई बैलांच्या दमणीशेजारून हलेना. अखेर मामा निमूटपणे आधी चढले, ती त्यांच्या शेजारी बसली, आणि नवरदेवाला गाडीवानाजवळ जागा करून घ्यावी लागली.