सोडियम आलं कुठून?

आमच्या कंपनीत पावडर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. पावडरीला निदान चाळणी तरी लावतो, किश्श्यांना तीही नाही! रोह्याच्या एका शेडमध्ये मी केमिस्ट आहे. रोज पेणहून येऊन डोकं पिकवून घेणं हे माझं मुख्य काम.

आम्ही बेरियम टायटनेट बनवतो. मोबाइलमध्ये मोहरीपेक्षा बारीक कपॅसिटर असतात, ते या पांढऱ्या पावडरीचे. पण पेणमध्ये हे कुणाला सांगू? आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. त्याचे मालक विचारतात, "मूर्तीच्या फिनिशिंगला चालंल काय?"

"काका, ही हजार डिग्रीच्या वर भाजावी लागते."

"आमी तर उन्हात वाळवतो. उगाच करंट जाळता!"

*

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका कपॅसिटर कंपनीने तीन सॅम्पल मागितली. एक जरी पास झालं तर ऑर्डर आमची. तिन्ही फेल गेली तर आमचं सेक्शन बंद आणि आम्ही आठही जण घरी. मॅनेजरने तोंडावर सांगितलं.

मॅनेजर पुण्याचे, पीएचडी. म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात आणि गुडघे दाखवायला जातात. त्यांचं म्हणणं पडलं, "कार्बोनेट आणि ऑक्साइड एकत्र दळून भाजणं हा जुनाट प्रकार! आपण सोल-जेल करू, थेट द्रवातूनच पावडर!"

आता यात टायटॅनियमचा जो द्रव लागतो, त्याला हवेतली ओल सोसत नाही. आणि महिना जुलै, गाव रोहा. इथे टॉवेल चार दिवस वाळत नाही! डॉक्टरांनी बाटली उघडली, मोजपात्र शोधलं, तोवर आत पांढरा गठ्ठा. चाळणीवरच्या जनाताई जवळच्या वाडीतून कामाला येतात. त्यांनी डोकावून पाहिलं.

"डॉक्टर, दही लागला!"

*

मग ऑक्झलेटची पद्धत. हिच्यात एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडायचं, चार तास, ढवळत. ते काम म्हात्र्यांकडे दिलं. म्हात्रे आमचे भट्टीवाले, धरमतर खाडीकडचे, मिठागरवाल्या घरातले. माणूस सोन्यासारखा, पण घाईचा.

मी जेवून आलो तर बादली रिकामी.

"म्हात्रे, चार तासांचं काम अर्ध्या तासात?"

"थेंब मोजत बसलो तर माजी गाडी चुकंल ना साहेब!"

तोही माल वाया गेला. मी भडकलो. म्हटलं, यापुढे जे कराल ते वहीत लिहायचं. शिंकलात तरी लिहायचं! रोज संध्याकाळी मी सही करणार.

दुसऱ्या दिवशी वहीत पहिलीच नोंद: "११.२० – शिंकलो."

तेव्हापासून मी वही न वाचताच सही करायला लागलो. कुणाकुणाचं वाचणार?

*

शेवटी निमूटपणे दळून भाजण्याच्या जुन्या पद्धतीवर परत आलो. पहिल्या सॅम्पलचा माल मिलमध्ये, म्हणजे दळणाऱ्या गोळ्यांच्या पिंपात, फिरत होता. जनाताई म्हणाल्या, "साहेब, मिल आज येगळी वाजते. गोळे झिजलेत वाटतं."

मी मीटर दाखवला. "ताई, सगळं ओके आहे."

सॅम्पल फेल! दाणा जाड. मिल उघडली, तर गोळे झिजून निम्मे झालेले. जनाताईंनी एक झिजका गोळा उचलून माझ्या मीटरजवळ ठेवला. ते जास्त लागलं. मी हेल्मेट टेबलावर आपटलं आणि ओरडलो, "कुणाची नजर लागलीय या भट्टीला, देव जाणे!"

*

दुसऱ्या सॅम्पलला गोळे नवीन घातले. दाणा एक नंबर आला. तरी फेल! रिपोर्टमध्ये सोडियम जास्त.

सोडियम आलं कुठून? मी पाणी तपासलं, गोण्या तपासल्या, हातमोजे बदलले. काही सापडेना. जनाताईंनी विचारलं, "सोडियम म्हंजे काय वो?"

"मीठ, ताई, मीठ!"

आणि माझी नजर त्यांच्या डब्यावर गेली. सुकट! त्याच दिवशी बोर्डावर नोटीस लावली: सेक्शनमध्ये सुकी मासळी आणण्यास सक्त मनाई. आठवडाभर जनाताई माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही लाजलो, पण नोटीस काढली नाही. आठ घरांचा प्रश्न होता.

*

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सॅम्पलच्या वेळी नाशिकचे इंजिनिअर स्वतः आले. माल भट्टीत होता. भट्टी उघडायला दोन तास होते, म्हणून त्यांनी वही मागितली. मी अभिमानाने पुढे केली. म्हटलं, "आमच्याकडे शिंकेचीसुद्धा नोंद असते."

ते पानं उलटत दुसऱ्या सॅम्पलपाशी थांबले आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'सकाळी १०.००. साहेब बोलले भट्टीला नजर लागली. म्हणून दृष्ट काढली. घरचा मीठ एक मूठ, मिरच्या सात. उतरवून भट्टीत टाकल्या.'"

मग त्यांनी बोट थोडं खाली नेलं. "'तपासले.' ही सही कुणाची?"

सही माझी होती. मी म्हात्र्यांकडे बघितलं. माझा पडलेला चेहरा बघून त्यांना माझी दया आली असावी. जवळ येऊन धीर देत म्हणाले,

"घाबरू नका साहेब. आता जी पावडर आत हाय ना, तिला दोन मुठी टाकल्यात!"