ओलं फडकं नको

काकूंनी ओलं फडकं आणलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पेटीच्या पट्ट्या पुसल्या. सगळ्या नाही. मी बोट ठेवलं होतं तेवढ्याच. एक पांढरी, शेजारची काळी, परत एक पांढरी. फटीत नख घालून पुसल्या. मी समोर सतरंजीवर बसलो होतो. माझा हात अजून तसाच वर होता.

बुवा पान चघळत बाहेर आले. त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता बायकोला बोलतील. बोलले.

"अगं, ओलं फडकं नको. लाकूड फुगतं, मग पट्टी अडकते. कोरड्यानं पूस."

काकूंनी कोरडं फडकं आणलं. परत पुसलं.

आणि मी काय म्हणालो? शाळेत मास्तर असलेला, इस्त्रीचा शर्ट घालून गेलेला मी? मी म्हणालो, "चुकलं."

हे "चुकलं" मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. फडक्याची लाज नव्हती वाटत. माझ्या तोंडून गेलेल्या त्या शब्दाची वाटायची. काय चुकलं होतं माझं? शिकवणीला गेलो होतो, फी भरली होती, पेटीसमोर बसलो होतो. आता पन्नाशीला आलो. आता सांगतो.

दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. मी आष्ट्याला एका शाळेत नवीन लागलो होतो. शाळेत प्रार्थनेची पेटी होती. वाजवणारे गुरुजी निवृत्त झाले आणि पेटी कपाटावर गेली. तिच्यावर खडूच्या खोक्यांचा ढीग. पोरं प्रार्थना नुसतीच ओरडायची. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही तरुण आहात मास्तर. शिकून घ्या की."

मला तेवढंच पाहिजे होतं. आम्ही मांग. लोणंदचे. माझा बाप बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. सूर आमच्या घरात होताच, पण तो वाजवायचा दुसऱ्याच्या दारात, मांडवाबाहेर उभं राहून. पेटी आत असायची. गादीवर. पेटीवाला मांडी घालून बसायचा, त्याच्यापुढं तांब्या-भांडं यायचं. मला आत बसून वाजवायचं होतं. बाकी काही नाही. एवढीच हाव होती.

आधी साताऱ्यात विचारलं. मास्तरकीचं शिक्षण तिथं झालं होतं, गल्ल्या माहीत होत्या. एका शिकवणीवाल्यांकडं जिना चढून गेलो.

"आडनाव?"

सांगितलं.

"गाव?"

"लोणंद."

"लोणंदात कुठं?"

सांगितलं. ते म्हणाले, "सध्या जागा नाही." खोलीत एकच पोरगा बसला होता. भिंतीला तीन पेट्या झाकून ठेवलेल्या.

म्हणून सांगलीत शहाणा झालो. तिथं पेटी शिकवणाऱ्या बुवांनी गाव विचारलं तेव्हा आष्टा म्हणालो, लोणंद म्हणालो नाही. आमचं आडनाव असं आहे की ते कुणाचंही असतं. बुवांनी त्यांच्या मनानं काय ते ठरवलं. मी ठरवू दिलं.

बुवांकडं एक रीत होती. नवा शिष्य नारळ ठेवायचा, पाया पडायचा. मग बुवा त्याच्या उजव्या हाताचं बोट आपल्या मुठीत धरून पहिल्या सा वर ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं स्वतः भाता मारायचे. सूर निघायचा. दर गुरुपौर्णिमेला परत तसंच. म्हातारा झालेला शिष्यसुद्धा बोट पुढं करायचा. बुवा म्हणायचे, "बोट मी धरलंय तोवर बेसूर होणार नाहीस."

माझंही धरलं. गरम, मऊ तळहात होता त्यांचा. सूर निघाला तसा माझ्या अंगावर काटा आला. तो काटा खोटा नव्हता. म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की एस.टी. धरायचो. सा रे ग म जमायला लागलं. बुवा म्हणायचे, "हात हलका आहे तुझा." लग्नसराई आली. सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं लग्न होतं आणि माझ्या बापाच्या बँडला सुपारी होती. मी भेटायला गेलो. भर दुपार. बाप लाल लोकरीच्या कोटात, सोनेरी दोऱ्या लावून उभा. कोट काखेत उसवलेला. गाणं संपलं तसं मी रुमालानं त्याचं तोंड पुसलं, हातातलं क्लॅरोनेट घेतलं, म्हटलं, "दादा, बसा जरा." आम्ही बापाला दादा म्हणायचो.

मागं बघतो तर बुवा. पाहुण्यांच्या खुर्चीतून उठून आलेले. हातात अत्तराचा फाया.

"ओळखीचे का?"

"वडील माझे," मी म्हणालो. ते म्हणताना मी ताठ उभा होतो, हे मला आठवतं. बापानं टोपी काढून नमस्कार घातला.

"असं का," बुवा म्हणाले. "छान. छान वाजवतात."

पुढच्या शनिवारी फडकं.

पुसून झाल्यावर बुवा मला बाहेर पायरीवर घेऊन आले. खांद्यावर हात नाही ठेवला, पण आवाज मऊ होता. "मनाला लावून घेऊ नकोस. मी असलं काही मानत नाही. काकूंचं सोवळं आहे. शिवाय बाकीच्या मुलांचे आईवडील. तू असं कर, भाता धर. लहान मुलांचा हात पोचत नाही. ऐकून ऐकून तुझा कान तयार होईल. कान तयार झाला की बोटांचं काय, ती आपोआप चालतात."

मानत नाही म्हणाले. मानणारा माणूस परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

आणि मी भाता धरला. पेटीच्या पाठीमागं बसायचो, पोरं समोरून वाजवायची. मला पट्ट्या उलट्या दिसायच्या. भात्याला विटाळ नव्हता. भात्याच्या कोपऱ्यांना चामडं असतं. चामड्याला आमचा हात चालतो. लाकडाला चालत नाही.

वकिलांची एक मुलगी यायची, बेबी. दुसरी-तिसरीत असेल. मी एकदा जरा ढिला पडलो, सूर खाली बसला. ती म्हणाली, "ओ भातेवाले काका, झोपलात का?" पोरं हसली. बुवाही हसले. मी पण हसलो.

या हसण्याचा मला आज राग येतो. त्या मुलीचा नाही येत. तिनं जे बघितलं ते बोलली. आष्ट्याला एवढ्याच वयाची पोरं मला "गुरुजी" म्हणून उभी राहायची. शनिवारी एस.टी.तून सांगलीला उतरलो की मी भातेवाले काका. आणि फी चालू. दर महिन्याला पाकीट पाटावर ठेवायचो. पाकीट कुणी पुसलं नाही.

मे महिन्यात घरी गेलो. बापानं आधीच वस्तीत सांगून ठेवलं होतं, "आमचा मास्तर पेटी शिकून आलाय." भजनी मंडळाची पेटी आणून ठेवलेली. माणसं जमली. बायका उंबऱ्यात. बाप म्हणाला, "वाजीव."

मी सा रे ग म वाजवलं. परत तेच वाजवलं. पुढं काही येतच नव्हतं. बोटं अडखळली. बँडमधला ढोलवाला बापाचा दोस्त होता. तो म्हणाला, "मास्तर, ह्ये तर आमच्या बारक्या शिरप्याला बी येतंय की रं. तुमी आसं करा, शिरप्याकडं शिकवनी लावा." लोक लय हसले. बाप हसला नाही. त्यानं चहा आणायला सांगितलं आणि पेटी झाकली.

सकाळी तो अंगणात कोट उन्हात घालत होता. मी शेजारी उभा.

"काय शिकीवतो त्यो तुला?"

ते "चुकलं" सोडून मी सगळं सांगितलं. लग्न, फडकं, पायरी, भाता. बाप कोटाच्या बाह्या सरळ करत राहिला.

"म्हंजी वारा तू घालायचा. आन वाजवनार ती."

त्यानं कोट झटकला.

"मी हुबा ऱ्हातो दुसऱ्याच्या दारात. ती माझी रोजी हाय. त्येचं पैसं मोजून घ्येतो मी. तू फी दिऊन हुबा हायस."

मग विचारलं, "माज्यामुळं झालं व्हय रं ह्ये? त्या दिशी तू मला वळकच दावाया नको हुती."

मी तेव्हाच्या तेव्हा "नाही" म्हणायला पाहिजे होतं. त्यानं माझं गप्प राहणं ऐकलं. दोरीवरचा कोट उलटा केला आणि आत गेला. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते "नाही" अजून माझ्याकडंच आहे.

जुलैत गुरुपौर्णिमा आली. बुवांच्या घरी माजघर भरलेलं. वकील, डॉक्टर, हळदीचे व्यापारी, सगळ्यांची पोरं. सकाळीच पोचलो. मी पण नारळ नेला होता. पाटाशेजारच्या ढिगात ठेवला. बुवांनी मान हलवून भात्याकडं जायची खूण केली. आज इतक्या जणांची बोटं धरायची होती, बुवा स्वतः भाता किती मारणार? मी होतोच.

एकेक जण येत होता. नारळ, नमस्कार, बोट, सा. माझा भाता. सा. भाता. बेबी आली. तिचं इवलंसं बोट बुवांनी धरलं, सूर निघाला, तिच्या आईनं डोळे पुसले. मग एक नवा पोरगा आला. त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला. त्याचं नाव बुवांना नीट माहीत नव्हतं. "काय रे बाळ, नाव काय म्हणालास?" असं म्हणत म्हणत त्याचं बोट धरलं. कान तयार आहे का, विचारलं नाही.

तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं. कान, सोवळं, काकू, सगळं गेलं. एक बोट आणि एक मूठ उरली.

शेवटचा शिष्य उठला. बुवा म्हणाले, "चला, प्रसाद घ्या सगळ्यांनी."

मी म्हणालो, "माझं राहिलं."

बुवांना ऐकू गेलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी परत म्हणालो.

"तुझं आपण नंतर बघू," बुवा म्हणाले. "तू तर घरचाच आहेस."

"घरचा आहे तर धरा."

मी भात्यावरून हात काढला आणि बोट पुढं केलं. पेटीवरून, पाठीमागच्या बाजूनं, जिथं मला बसवलं होतं तिथूनच. बोट हवेत राहिलं. बुवांनी वकिलांकडं बघितलं. वकिलांनी छताकडं. बुवांनी दोन्ही हात जोडले, माझ्यापुढं, आणि म्हणाले, "आज सणाचा दिवस आहे. तमाशा नको."

हात जोडले. धरला नाही.

मग मी स्वतःच सा वर बोट ठेवलं. डाव्या हातानं भाता मारला. पट्ट्या मला उलट्या होत्या, पण त्या उलट्या पट्ट्या मला पाठ होत्या. सूर निघाला. मी तो सोडला नाही. भाता रिकामा होईपर्यंत दाबून धरला. तो खाली बसत बसत विझला, तोवर कुणीही हललं नाही.

मी उठलो. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "काकू, फडकं आणा. ओलं नको. कोरडं."

जाताना माझा नारळ घ्यायला वाकलो. ढिगातला माझा कुठला ते कळेना. सगळे सारखेच. एक उचलला आणि निघालो.

कपाटावरची शाळेची पेटी खाली काढली. एकट्यानं बसून शिकलो. माझी बोटं चुकीची पडतात, जाणकाराला लगेच कळतं. पडू देत. आजपर्यंत पुष्कळ पोरांना पेटीसमोर बसवलं. प्रत्येकाचं बोट धरलं. भाता ज्याचा त्यानं मारायचा. हात पोचत नसेल तर पोरानं पाटावर बसावं, मांडीवर बसावं, पण माझ्या वर्गात कुणी कुणाला वारा घालत नाही.

आणि तरी एक केलं. कार्यक्रमात कुणी विचारलं, "गुरू कोण?" तर मी बुवांचं नाव सांगायचो. ते वजनदार नाव होतं. लोक मान डोलवायचे. बाप जिवंत असताना, तो पहिल्या रांगेत बसलेला असतानासुद्धा सांगितलं. त्यानं ऐकलं.

गेल्या महिन्यात सांगलीहून माणसं आली होती. बुवा वारले, आता शिष्य मिळून त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. बेबीही होती त्यांच्यात. एखाददुसरा केस पिकलाय. भातेवाला तो मीच, हे तिनं ओळखलं नाही. म्हणाली, "सर, तुम्ही बुवांचे जुने शिष्य. पानभर तरी द्याच."

पानभर मागितलं होतं, जास्त झालं. हा तो मजकूर. यातली एक ओळ कापायची नाही. फडकं ठेवायचं, भाता ठेवायचा, माझं "चुकलं" ठेवायचं, बापाचा उसवलेला कोट ठेवायचा. छापणार असाल तर असाच छापा. नसेल छापायचा तर शिष्यांतून माझं नाव काढा आणि मला तसं कळवा. मग हाच मजकूर मी सांगलीत, त्याच गल्लीत, मोठ्यानं वाचेन. पेटी बरोबर आणीन. भाता मीच मारीन.