थांबा सर, येतंय

वर्गात मी कधी कुणावर ओरडलो नाही. माझी चूक वेगळी होती. मनीषाची वाक्यं मी पुरी करत असे.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. मनीषा हर्णेची, वडिलांची मासेमारीची होडी. प्रश्न विचारला की ती उभी राहायची, बाकाची कड घट्ट धरायची आणि खिडकीबाहेर बघत गप्प व्हायची. मग म्हणायची, "थांबा सर, येतंय." आणि खरंच यायचं. एकेक शब्द, सावकाश, पण तिचा स्वतःचा. मला मात्र तिचं अवघडणं बघवत नसे. तिचे दोन शब्द झाले की पुढचे मी पुरवायचो आणि "व्हेरी गुड, बस" म्हणायचो. यालाच मी माया समजत होतो.

मैत्रिणी चिडवायच्या, "गो, नोकरीच्या मुलाखतीला सरांना घेऊन जा!" एकदा तीच म्हणाली, "माझं इंग्लिश सरांकडेच ठेवायला दिलंय." सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती स्टाफरूमच्या दारात आली. स्पेशलला इतिहास घेते म्हणाली.

"तुला तर इंग्रजी घ्यायचं होतं ना?"

"होतं सर. पण मला बोलता येत नाही. येत असतं तर तुम्ही थांबला असतात."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात घंटा झाली. "बरं" म्हणून मी वर्गावर निघून गेलो.

त्याला बरीच वर्षं झाली. यंदा पालीजवळच्या एका प्राथमिक शाळेत पाहुणा म्हणून गेलो, तर तिसरीच्या वर्गावर मनीषा! एक चिमुरडी इंग्रजीत स्वतःची ओळख सांगताना अडली. मागून दोघं ओरडले, "बाई, मी सांगू?"

"कुणी सांगायचं नाही. तिचं तिला येतंय."

पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो कसाबसा गिळला.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी म्हटलं, "मनीषा, तेव्हा मी..." आणि पुढे सुचेना. "जाऊ द्या हो सर" म्हणून ती मला सोडवेल, अशी आशा होती. ती कठड्याला टेकली.

"सावकाश सर. मी थांबते."

बराच वेळ गेला. ती थांबली होती.

"तुला येत होतं," मी म्हणालो. "मीच थांबलो नाही. माझं चुकलं. मला माफ कर."