राजाच्या अंगठ्या

आमच्या फिल्म क्लबात एका रशियन ऑपेराचं चित्रीकरण दाखवलं. रंगमंचावर खरे घोडे, सोनेरी घुमट आणि राजाकडे भाकरी मागणारा गायकांचा प्रचंड जमाव. त्यातली एक म्हातारी असं काही गायला लागली की माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात कॅमेरा तिला सोडून राजाच्या अंगठ्यांकडे गेला आणि तिथेच रेंगाळला. उपाशी माणसं आक्रोश करत होती आणि आम्ही खडे बघत होतो, तेही काचेचे!

शेजारचे निवृत्त प्राध्यापक भारावून म्हणाले, "काय भव्य आहे हो!"

"ती म्हातारी पाहिलीत?"

"कुठली म्हातारी?"

भव्यता ती हीच असावी. गर्दी जमवायची, ती राजा मोठा दिसावा म्हणून. मी चिडून डोळे मिटले. म्हातारीचा आवाज अजून येत होता.