सुब्रायचा वाटा

मंगळूर हे नाव नुसतं कानावर पडलं तरी बाबलीच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. मालवणच्या वाळूवर रापण ओढून पोट भरणारा माणूस तो, त्याला राग येणारच. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं लांबलचक जाळं. त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर उभं राहून साऱ्या वाडीने ओढायच्या. जाळं किनाऱ्याला येईपर्यंत मासळी आत राहिली तर सगळ्यांच्या चुली पेटतात. आणि दक्षिणेकडचे, मंगळूरचे मोठे ट्रॉलर हद्द ओलांडून आत घुसले, की जाळ्यात येतो तो चिखल आणि जेलीफिश.

मागच्या थंडीत असाच एक ट्रॉलर मालवणच्या पोरांनी होड्यांचा वेढा घालून पकडला होता. पुढारी होता सिद्धेश, बाबलीचा पुतण्या, डोक्याने तापट. पण बंदरात आणताना ट्रॉलरला बांधलेली दोरी होती बाबलीच्या हातात. धक्क्यावर गाऱ्हाणं घातलं गेलं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, मग मत्स्य खात्याचे साहेब आले, दंड झाला. दंड भरेपर्यंत खलाशी बोटीवरच बसून होते आणि धक्क्यावरून लोक त्यांना शिव्या घालत होते. बाबलीनेही घातल्या. चांगल्या निवडून घातल्या, आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

आणि आता तोच बाबली मंगळुरात, एका हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता. त्याच्या बारावीतल्या लेकीच्या, अक्षयाच्या काळजाची झडप बिघडली होती. कुडाळच्या डॉक्टरांनी हात टेकले, गोव्यात तारीख लांबची मिळाली, आणि कुणीतरी म्हणालं, मंगळूरला जा, तिथे हे रोजचं काम आहे. बाबली दोन रात्री झोपला नाही. शेवटी शेवंतीने, त्याच्या बायकोने, सुनावलं, "तुमचो राग मोठो काय माझा चेडू मोठा?" मग तो मुकाट्याने रेल्वेत बसला.

शहराला नावं ठेवायची असं ठरवूनच तो उतरला होता. पण नावं ठेवायला जागा सापडेना, याचाच त्याला जास्त राग आला. चढ-उताराचे रस्ते, टेकडीच्या पोटात घुसलेली घरं, लाल कौलं, परसात माड आणि फणस. पाटीवरचं अक्षर एक वाचता येईना, पण पाटीखाली बसलेली मासेवाली बांगडा असा काही उचलून दाखवायची की शेवंतीचीच बहीण वाटावी. गल्लीगल्लीत कॉलेज, वळणावर हॉस्पिटल, त्याशेजारी सोन्याचं दुकान. रिक्षावाला एकाशी तुळू बोलायचा, दुसऱ्याशी कानडी, तिसऱ्याशी मलबारी, आणि बाबलीचं मालवणी ऐकून सरळ कोंकणीत विचारायचा, "खंय वचपाचें?" चर्चची घंटा, मशिदीची बांग, देवळातला ढोल, सगळं एकाच संध्याकाळी. खानावळीत ताटात आली उकड्या तांदळाची पेज आणि तिखट माशाचं सार. पहिल्या घोटाला बाबलीचे डोळे भरून आले, आणि तो स्वतःवरच चिडला. शत्रूच्या घरची पेज आपल्या घरच्यासारखी लागावी, हा काय चावटपणा!

दुपारी सिस्टर आली. ती कोंकणी ख्रिश्चन, बोलणं मऊ पण शब्द कडक. ऑपरेशन उद्या सकाळी. आज संध्याकाळपर्यंत रक्त देणारी तीन माणसं आणा, गट कुठलाही चालेल, नाहीतर तारीख पुढे जाईल. आणि डॉक्टर म्हणाले आहेत, पुढे ढकलण्यात अर्थ नाही, मुलीचा श्वास रोज कमी होतोय.

"माझा घेवा," बाबलीने दंड पुढे केला. पण त्याला पूर्वी कावीळ झालेली, ती विचारपूस करताच निघाली. शेवंतीच्या अंगातच रक्त नव्हतं. सिद्धेशला फोन केला. तो म्हणाला, "काका, पोरांका घेऊन आताच निघतंय. पण पोचाक उजाडतला." उजाडून उपयोग नव्हता. खाटेवर अक्षया उशीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिला धाप लागायची. ती म्हणाली, "बाबा, तुमी घामेघूम झालात. काय झाला?" बाबली म्हणाला, "काय नाय गो, उकडता."

अनोळखी शहरात समुद्रावरचा माणूस कुठे जाणार? बाबली जुन्या बंदरावर गेला. नदी समुद्राला मिळते तिथे तो धक्का, आणि धक्क्याला एकाला एक चिकटून ट्रॉलरच ट्रॉलर. ज्यांची नुसती सावली पाण्यावर दिसली तरी वाडी दगड उचलते, त्यांच्यामध्ये बाबली उभा राहिला. इथे मालवण म्हटलं तर रक्त राहिलं बाजूला, आपल्यालाच पाण्यात टाकतील!

एका बोटीपाशी बसून जाळं सांधणाऱ्या काळ्या, रुंद खांद्यांच्या माणसाने त्याला कोंकणीत हटकलं. तो त्या बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, उत्तरेकडच्या गंगोळी बंदरातला सुब्राय खारवी.

"खंयचो रे तूं?"

बाबलीने आजूबाजूच्या ट्रॉलरांकडे एकदा पाहिलं. मग तो म्हणाला, "गोंयचो."

आयुष्यात त्याने गाव कधी लपवलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याने आख्खं मालवण गिळून टाकलं, आणि अक्षयाची हकिगत सांगितली. सुब्रायने सुई जाळ्यात खोचली, बोटीवर हाक मारली, तुळूत काहीतरी बोलला. दोन तरणे खलाशी हात पुसत खाली आले. कोण, कुठला, कशाला, त्या दोघांचं काही विचारणं नाही. रिक्षात तिघे मागे बसले आणि बाबली ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लोंबकळत राहिला. हे लोक वाईट असते तर किती बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

रक्तपेढीत सिस्टरने आधी तिघांच्या तोंडाला दारूचा वास येतो का ते पाहिलं. "सोरो पियेला?" सुब्राय हसला. "आजून ना, बाये." मग तपासणी झाली, आणि सुब्राय पहिला खाटेवर आडवा झाला. सिस्टरने त्याच्या दंडाला पट्टा आवळला.

आणि इथेच घात झाला. मालवणी माणूस कुठलंही मोठं काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू करत नाही. होडी पाण्यात लोटायची असो, लग्नाचा मांडव घालायचा असो, आधी गाऱ्हाणं घालायचं, मग हात लावायचा. बाबलीचे हात आपोआप जुळले, डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं, "बा देवा रामेश्वरा, म्हाराजा! आज तुझो मालवणचो लेक बाबली ह्या परमुलखात उभो रवान तुका सांगणा करता. जा काय वाकडा-तिकडा आसात ता दूर कर, आणि माझ्या चेडवाक सुखरूप घराक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दारातून शेवंती म्हणाली. तिलाही सवयच.

बाबलीने डोळे उघडले तेव्हा सुब्राय उठून बसला होता. दंडावरचा पट्टा तसाच. दोघे खलाशी भिंतीपाशी ताठ उभे होते. सिस्टरची सुई हातातच राहिली.

"मालवणचो?" सुब्रायचा आवाज अगदी हळू होता. "हें 'व्हय म्हाराजा' हांवें आयकलां. तुमच्या बंदरांत. बोटीर बसून. आमची बोट धरून बांदिल्ली, तेन्ना."

शेवंतीने दाराची चौकट धरली. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. बाबली सरळ उभा राहिला.

"व्हय. मालवणचो. खोटा बोललंय. आणि ती दोरी... ती माझ्याच हातात होती."

एक खलाशी तुळूत चढ्या आवाजात काही बोलला आणि दाराकडे निघाला. सुब्रायने पट्ट्याला हात घातला. बाबलीला वाटलं, झालं, सोडला पट्टा, माझं पोर गेलं. पाया पडावं असं त्याला वाटलं, आणि पडताही येईना.

"तूं रापण ओडटा?" सुब्रायने विचारलं.

"ओढतंय."

"आमगेरय रंपणी आशिल्ली. म्हजो बापूय ओडटालो. मागीर यांत्रिक बोटी आयल्यो, रंपणी मेली. बापूय दर्यादेगेर बसून रडटालो." त्याने बाबलीकडे पाहिलं. "रंपणीची दोरी कोणेंय धरल्यार ताका वांटो मेळटालो. वाटसरू आसूं, दुस्मान आसूं. तुमगेर कसें?"

"आमच्यातय तसाच," बाबली म्हणाला. "दोरीक हात लागलो काय वाटो. कोणाचोय असो."

सुब्रायने दाराकडे गेलेल्या खलाशाला एका शब्दात माघारी बोलावलं. मग पुन्हा आडवा होऊन त्याने हात सिस्टरपुढे केला.

"मागीर हांवें हात लायलो. म्हजो वांटो काडून दवर."

अक्षया वाचली. हिवाळ्याच्या तोंडाला ती किनाऱ्यावर येऊन बसण्याइतकी बरी झाली, तेव्हा वाडीने रापण ओढली, आणि बऱ्याच दिवसांनी बांगडा भरून आला. वाळूवर वाट्यांचे ढीग पडले. ओढणाऱ्याचा एक, होडीचा, जाळ्याचा, विधवा तुळसाकाकीचा, देवाचा. टोपल्या पुढे सरकू लागल्या तेवढ्यात बाबली म्हणाला, "आणखी एक वाटो काडा."

"कोणाचो?" सिद्धेशने विचारलं.

"सुब्राय खारव्याचो. मंगळूरच्या ट्रॉलरवाल्याचो."

टोपल्या जागच्या जागी थांबल्या. मंगळूरला काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिद्धेश आणि वाडीतली पोरं दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा अक्षया ऑपरेशनच्या टेबलावर होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि भर रापणीत ट्रॉलरवाल्याचं नाव घेणं वेगळं. याच लोकांनी आमच्या तोंडचा घास पळवला, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. बाबलीने ऐकलं, मान खाली घातली नाही, आणि आपल्याच ढिगातले बांगडे उचलून वेगळा ढीग घालायला लागला. अक्षया उठून त्या ढिगापाशी कावळे हाकलत बसली.

सिद्धेशने हातातली टोपली खाली ठेवली. मग तो आपल्या वाट्याकडे गेला. त्यात एक चांगली हातभर सुरमई आली होती. तिची शेपटी धरून त्याने ती सुब्रायच्या ढिगावर टाकली.

"हात लागलो, तर वाटो," तो म्हणाला. "ह्या मीठ लावून, सुकवून पोचव त्याका. पण काका, निरोप पण पोचव. ट्रॉलर आत घातलो, तर दोरी परत बांधतलव."

"सांगतंय," बाबली म्हणाला. "आणि दोरी मीच धरतलंय. ता पण सांगतंय."