चौथी कड

आमच्या गोधडी मंडळाची एक रीत मला फार आवडते, कारण तिच्यात कोणाला भाषण करायला वाव नाही. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही बायका गोल करून बसतो. जिची गोधडी पुरी झाली असेल तिने ती नुसती उलगडायची. मग ती मांडीवरून मांडीवर फिरते, आणि प्रत्येक जणी ती आधी उलटी करून बघते. पुढची बाजू कोणीही नटवतं, टाक्यांचं खरं मागून कळतं. जे दिसेल ते तोंडावर सांगायचं. सांगण्यात आमच्या बाई सगळ्यांच्या पुढे. मंडळ त्यांनीच सुरू केलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि गोधडीसुद्धा वही तपासावी तशी तपासतात.

दुसरी रीत बाळांच्या गोधड्यांची. येणाऱ्या बाळाची गोधडी आम्ही तीनच बाजूंनी बंद करतो. चौथी कड उघडी ठेवायची, आतले थर दिसले तरी चालतील. बाळ सुखरूप घरी आलं की बारशाच्या दिवशी ती शिवून टाकायची. "आमचा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास," असं म्हणणाऱ्या बायकाही ही कड मुकाट्याने उघडी ठेवतात. मीही त्यांतलीच.

आणि त्या शनिवारी माझी सून स्वतःची गोधडी घेऊन मंडळात येणार होती.

तिला सातवा महिना होता. गेल्या वर्षी आठव्या महिन्यात आमचं पहिलं नातवंड गेलं. मुलगा होता. हॉस्पिटलमध्ये सगळ्या मोठ्या माणसांचं एकच म्हणणं पडलं, आईला दाखवू नका, नाहीतर डोळ्यांपुढून हलणार नाही. म्हणून तिने त्याला पाहिलं नाही आणि मीही नाही. माझा मुलगा आणि त्याचे वडील जाऊन काय ते करून आले. पाळणा माळ्यावर गेला. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. न बोललं की दुःख आपोआप बुजतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत असावं.

या खेपेला मी धसकाच घेतला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. डोहाळजेवण कधी करायचं, असं कोणी विचारलं की मी उठून गॅसपाशी जायचे. दिवाळीनंतर सुनेने मला विचारलं, "आई, तुमची एखादी जुनी, मऊ झालेली साडी आहे का? गोधडीसाठी हवी होती."

"आत्ताच कशाला? नंतर बघू," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाली. त्यानंतर हिंजवडीहून ऑफिसच्या बसने घरी आली की ती खोलीचं दार लोटून शिवत बसायची. टाका मीच तिला शिकवला होता, पण आता ती मला काही दाखवत नव्हती. मीही विचारलं नाही, नुसती आतल्या आत धुमसत राहिले.

रिक्षात मी एकदा म्हणून पाहिलं, "आज नुसतं बघायला बस ना. दाखवायची काय घाई आहे?"

"पुरी झाली आहे माझी," ती म्हणाली.

"पुरी म्हणजे?"

"पुरी म्हणजे पुरी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. लक्ष्मी रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मला बरंच वाटलं.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा एका बाईंची भलीमोठी गोधडी फिरत होती. आमच्या बाईंनी ती उलटी केली, न्याहाळली आणि म्हणाल्या, "रंग सुरेख आहेत. रंगांकडेच बघत राहावं, टाक्यांकडे नको." सगळ्या हसल्या. एरवी मीही हसले असते.

मग सुनेने पिशवी उघडली.

गोधडी लहान होती, बाळाला गुंडाळण्याएवढी. उलगडल्याबरोबर तो हिरवा रंग मी ओळखला. गेल्या वर्षी तिच्या डोहाळजेवणाला मीच घेतलेली सुती साडी होती ती, नारळी काठाची. ती कापली होती. मग माझी नजर कडेकडेने फिरली. चारही बाजू शिवून बंद होत्या.

माझ्या शेजारची हळूच "अगंबाई" म्हणाली. मला सुनेचा संताप आला. सातव्या महिन्यात, स्वतःच्या हाताने, चार बायकांसमोर! त्या संतापाखाली नुसती भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"कड बंद केलीस तू," बाई म्हणाल्या.

"हो."

"सासूबाईंनी रीत सांगितली नाही?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

माझी सून नागपूरची. एरवी पुण्यात ती जपून बोलते, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "त्यांनी सांगितली होती. त्यांना काऊन बोलून राहिले तुम्ही?" मग तिने पोटावर हात ठेवला. "ही याची नाहीच. ही पहिल्याची आहे. त्याचं काहीच नाही माझ्याजवळ, फोटोसुद्धा नाही. आता तो काही घरी यायचा नाही. मग कड कोणासाठी उघडी ठेवू?"

आता कोणीतरी 'देवाची इच्छा' म्हणणार, किंवा बाई त्यांच्या स्वभावाप्रमाणे काहीतरी तोडून बोलणार, अशी मला धास्ती वाटली. वर्षभराने पोरीने तोंड उघडलं होतं. इथे तिला कोणी गप्प केलं असतं तर ती आमच्या घरात पुन्हा कधीच बोलली नसती.

बाईंनी चष्मा नीट केला आणि हात पुढे केला. "आण इकडे."

गोधडी मांडीवर घेऊन त्यांनी ती उलटी केली. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. कोणाच्याही गोधडीला त्यांनी एवढा वेळ दिलेला मी पाहिला नव्हता.

"इथे टाका लांबला आहे," त्या म्हणाल्या.

"तेव्हा रडत होते," सून म्हणाली.

"दिसतंय. हा कोपराही घाईत दुमडलास. पण ओळ सरळ आहे आणि मऊ झाली आहे चांगली."

एवढं बोलून त्यांनी ती दोन्ही हातांवर उचलली आणि शेजारणीच्या मांडीवर ठेवली. तिनेही उलटी करून पाहिली आणि काठ छान बसवलाय म्हणाली. तिच्या पुढचीला दोरा जाड वाटला. नेहमीच्या गोधड्यांना जे ऐकावं लागतं ते सगळं त्या एवढ्याशा गोधडीने ऐकून घेतलं. सून एकेकीला उत्तर देत होती. वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

शेवटी गोधडी माझ्यापाशी आली. काहीच वजन नव्हतं तिला. ज्याचं नावसुद्धा आम्ही काढत नव्हतो, तो माझ्या मांडीवर आला होता, आणि मी नुसती हात ठेवून बसले होते.

"अहो, उलटी करा की," बाई म्हणाल्या. "आजीला सूट नाही इथे."

मी उलटी केली. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. बोटानेच चाचपून तो लांब टाका शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. सून उठून माझ्याजवळ येऊन बसली.

"घरी गेल्यावर माझी ती पिवळी साडी काढते," मी तिला म्हटलं. "धुऊन धुऊन मऊ झाली आहे. याच्या पाठच्याला होईल."

तिने माझ्या हाताशेजारी गोधडीवर हात ठेवला.

"तीनच बाजू शिवू, आई," ती म्हणाली.